पाककृतींची वर्गणी : गोव्यातील खाद्यलेखकाने ऑनलाइन प्लॅटफॉर्म कसा निवडावा

आपल्या पाककृतींसाठी वर्गणी घ्यायची असे ठरले की बहुतेक खाद्यलेखक पहिला प्रश्न कमिशनचा विचारतात : कोणता प्लॅटफॉर्म किती टक्के कापून घेतो? हा प्रश्न गैर नाही, पण तो पहिला नव्हे. गोव्यात राहून मराठीत लिहिणाऱ्याने आधी आपला वाचक कोणत्या मार्गाने पैसे भरू शकतो हे पाहावे. त्यानंतर, वाटणाने माखलेल्या हाताने फोन धरून ती पाककृती नीट वाचता येते का हे पाहावे. आणि उद्या तो प्लॅटफॉर्म सोडण्याची वेळ आली तर वाचकांची यादी आपल्याजवळ राहते का याची खात्री करून घ्यावी. या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असली तरच टक्क्यांची तुलना करण्यात अर्थ आहे.

हा क्रम मी अनुभवाने शिकले. फोंड्यातून पाककृतींचे ईमेलने जाणारे साप्ताहिक पत्र सुरू करताना मी एक परदेशी प्लॅटफॉर्म निवडला, कारण त्याची मांडणी देखणी होती आणि सुरू करायला एक रुपयाही लागत नव्हता. पहिल्या महिन्यात ५८ जणांनी वर्गणी भरली. दुसऱ्या महिन्यात त्यांपैकी २१ जणांचे नूतनीकरण अडकले. मडगावच्या एका वयस्क वाचक बाईंनी फोन करून सांगितले, “कार्ड घेना गो बाय” (कार्ड चालत नाही गं बाई), आणि पैसे थेट माझ्या खात्यावर पाठवू का, असे विचारले. त्यांना वर्गणी थांबवायची नव्हती. त्यांची इच्छा आणि माझे पत्र यांच्यामध्ये केवळ पैसे भरण्याची यंत्रणा आड आली होती. ज्यांनी फोन केला नाही ते मात्र निघून गेले, आणि त्यातले फार थोडे परत आले.

वाचक पैसे कसे भरणार?

हे अडकणे अपघाताने झालेले नव्हते. कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून काटेकोरपणे लागू झाले. पहिल्या वेळी ग्राहकाने ओटीपी देऊन मँडेट, म्हणजे पुढच्या कपातींची आगाऊ परवानगी, नोंदवावे लागते, पुढच्या प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने त्याला सूचना द्यावी लागते, आणि ग्राहकाला ते मँडेट केव्हाही रद्द करता आले पाहिजे. ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ५,००० रुपये होती. जून २०२२ मध्ये ती १५,००० रुपये झाली. पाककृतींची वर्गणी या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते, त्यामुळे रक्कम हा अडथळा नाही. अडथळा असा की, परदेशी प्लॅटफॉर्मची पैसे घेणारी यंत्रणा आणि वाचकाची बँक या दोघांचीही या मँडेटसाठी व्यवस्था असावी लागते, आणि ती नसेल तर दुसऱ्या महिन्याची कपात नाकारली जाते. शिवाय २०२० पासून नव्या डेबिट आणि क्रेडिट कार्डांवरचा आंतरराष्ट्रीय वापर मुळात बंद असतो. तो बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ग्राहकाने स्वतः चालू करावा लागतो. डिचोलीच्या किंवा काणकोणच्या वाचकाने खतखत्याच्या, म्हणजे अनेक भाज्यांच्या गोमंतकीय पदार्थाच्या, एका पाककृतीसाठी हे सगळे करावे अशी अपेक्षा ठेवणे मला योग्य वाटत नाही.

याउलट यूपीआय ऑटोपे, जे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने जुलै २०२० मध्ये सुरू केले, ते आपल्याकडच्या वाचकाच्या सवयीशी जुळते. बाजारात मासळी घेताना जो फोन पुढे धरला जातो त्याच फोनवर एकदा पिन देऊन मँडेट नोंदवले की पुढची वर्गणी आपोआप जाते, आणि नको असेल तेव्हा वाचक आपल्याच यूपीआय अ‍ॅपमधून ती थांबवू शकतो. म्हणून कोणत्याही प्लॅटफॉर्मची माहिती वाचताना मी सर्वप्रथम एकच गोष्ट शोधते : येथे रुपयांत किंमत ठेवून यूपीआयने आवर्ती वर्गणी घेता येते का? ‘यूपीआय स्वीकारले जाते’ एवढे वाक्य पुरेसे नाही. एकवेळची रक्कम यूपीआयने घेणे आणि दर महिन्याची कपात यूपीआयने करणे या दोन वेगळ्या सोयी आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी पहिली असते पण दुसरी नसते.

दुसरी नसली तरी एक जुना, खात्रीचा मार्ग उरतो तो वार्षिक वर्गणीचा. मराठी वाचकाला हा व्यवहार नवा नाही. मासिकांची वार्षिक आणि त्रैवार्षिक वर्गणी मनिऑर्डरने पाठवणाऱ्या घरांत आपण वाढलो आहोत, आणि दिवाळी अंकाचे पैसे आगाऊ भरण्याची सवय अजून टिकून आहे. वर्षातून एकदा यूपीआयने ६०० रुपये घेणे आणि मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी एक सौजन्यपूर्ण स्मरणपत्र पाठवणे, यात कोणतेही मँडेट लागत नाही आणि कपात अडकण्याचा प्रश्नही उरत नाही. माझे स्वतःचे मत असे की, वाचक मुख्यतः गोवा, कोकण, मुंबई आणि पुणे येथे असतील तर मासिक वर्गणी हा दुय्यम पर्याय ठेवावा आणि वार्षिक वर्गणी पुढे ठेवावी.

आखाती देश, इंग्लंड किंवा पोर्तुगाल येथे गेलेल्या गोमंतकीयांचा विचार वेगळा करावा लागतो. घरची चव आठवून पाककृती शोधणारा हा वाचक आंतरराष्ट्रीय कार्ड सहज वापरतो, पण यूपीआय त्याच्याजवळ बहुधा नसते. भारतीय पेमेंट गेटवेवर, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेवर, परदेशी कार्डे स्वीकारण्यासाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागते आणि त्यांचे शुल्कही देशांतर्गत व्यवहारापेक्षा जास्त असते. पेपाल या आंतरराष्ट्रीय पेमेंट सेवेने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले, त्यामुळे पेपाल हा आता फक्त परदेशातून पैसे घेण्याचा मार्ग आहे. ज्या प्लॅटफॉर्मवर वाचकाने पेपालनेच पैसे भरायचे असतात तो म्हापशाच्या वाचकासाठी निरुपयोगी समजावा. आपल्या वाचकांचे हे दोन गट किती मोठे आहेत याचा अंदाज आधी घ्यावा. त्यासाठी मोठे सर्वेक्षण लागत नाही. आज जे आपल्या पाककृती फुकट वाचतात त्यांना तीन प्रश्न विचारले तरी चित्र स्पष्ट होते : कुठे राहता, पैसे कसे भरता, आणि वर्षाला किती भरायला तयार आहात.

समोर असलेले पर्याय

सबस्टॅक २०१७ मध्ये सुरू झाला आणि लेखकांमध्ये आज त्याचेच नाव सर्वाधिक घेतले जाते. लिहिणे आणि ईमेलने पाठवणे तेथे मोफत आहे; सशुल्क वर्गणीतून सबस्टॅक १० टक्के घेतो आणि पैसे घेणाऱ्या स्ट्राइपचे शुल्क त्याशिवाय कापले जाते. भारतातील लेखकाची खरी अडचण या टक्क्यांत नाही. सबस्टॅकवर वर्गणी घ्यायची तर स्ट्राइपचे खाते असावेच लागते, आणि स्ट्राइपने २०२४ पासून भारतात नवी खाती केवळ निमंत्रणाने देण्याचे धोरण ठेवले. म्हणून ज्याच्याकडे असे खाते आधीपासून नाही त्याने सबस्टॅक मोफत पत्रासाठी वापरावा, वाचक जमवावेत, आणि वर्गणीची व्यवस्था दुसरीकडे करावी. हा मार्ग मला कमी प्रतीचा वाटत नाही. उलट पहिले सहा महिने तो सर्वांत शहाणपणाचा ठरू शकतो.

पेट्रिऑन २०१३ पासून आहे. तेथील कल्पना मासिकाच्या वर्गणीपेक्षा आश्रयदात्याच्या देणगीजवळ जाणारी आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून नव्या निर्मात्यांकडून तो १० टक्के घेतो, व्यवहार शुल्क वेगळे. भारतातील निर्मात्याला पैसे पेपाल किंवा पेओनियर या सेवांमार्गे मिळतात. ज्याचे वाचक बहुतांशी परदेशात आहेत आणि जो व्हिडिओही करतो, त्याने पेट्रिऑनचा विचार अवश्य करावा. एक काळजी मात्र घ्यावी : आयफोनवरील अ‍ॅपमधून कोणी वर्गणीदार झाला तर अ‍ॅपलचे शुल्क, जे पहिल्या वर्षी ३० टक्क्यांपर्यंत असते, त्यात मिळवले जाते. वाचकांना ब्राउझरमधील दुवाच द्यावा आणि तेथूनच नोंदणी करण्यास सांगावे.

घोस्टची रचना यांच्यापेक्षा वेगळी आहे. तो एका ना-नफा संस्थेने चालवलेला मुक्त स्रोत (ज्याचा कोड कोणालाही वापरता येतो असा) प्रकल्प असून वर्गणीतून काहीही कमिशन घेत नाही. त्याऐवजी होस्टिंगचे, म्हणजे संकेतस्थळ सर्व्हरवर ठेवण्याचे, ठरावीक पैसे द्यावे लागतात, किंवा तांत्रिक हात असेल तर स्वतःच्या सर्व्हरवर तो चालवता येतो. परंतु त्याची अंगभूत सशुल्क वर्गणीही स्ट्राइपवरच उभी आहे, म्हणजे गोव्यातील नव्या लेखकापुढे पुन्हा तीच भिंत. भारतीय गेटवे जोडून देणारा जाणकार ओळखीचा असेल तर ही भिंत ओलांडता येते, पण मग त्या जाणकारावर कायम अवलंबून राहण्याची तयारी ठेवावी.

ज्यांची पाककला मुख्यतः कॅमेऱ्यासमोर घडते त्यांना यूट्यूबची चॅनल सदस्यता सोयीची वाटते. वाचकाने, म्हणजे येथे प्रेक्षकाने, पैसे भरणे सोपे असते, किंमत रुपयांत दिसते, आणि कर व शुल्के वजा जाता निर्मात्याला ७० टक्के मिळतात. पण सदस्यांचे ईमेल पत्ते आपल्याला कधीच मिळत नाहीत. चॅनल बंद पडले, किंवा आपणच व्हिडिओ करण्याचे थांबवले, तर त्या सदस्यांशी बोलण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. लेखन हा ज्याचा मूळ व्यवसाय आहे त्याने एवढी मोठी गोष्ट गमावू नये असे मला मनापासून वाटते.

उरतो तो स्वतःच्या संकेतस्थळाचा मार्ग : संकेतस्थळ उभारण्याचे वर्डप्रेस हे साधन, त्यावर सदस्यतेचे एखादे प्लगइन (जोडून घ्यायची जादा सोय) आणि रेझरपे किंवा कॅशफ्रीसारखा भारतीय गेटवे. येथे यूपीआय, ऑटोपे आणि रुपयांतील किंमत या तिन्ही गोष्टी साधता येतात. गेटवेचे खाते उघडताना पॅन, बँक खाते आणि ओळखीचे कागद लागतातच. शिवाय संकेतस्थळावर अटी, गोपनीयता, रद्द करणे व परतावा आणि संपर्क ही पाने असावी लागतात, नाहीतर अर्ज अडकून राहतो. ही पाने मराठीतही लिहावीत, कारण वाद झाला तर वाचकाने नेमके काय मान्य केले होते हे त्याला त्याच्या भाषेत दाखवता आले पाहिजे. आवर्ती वर्गणीची सोय वैयक्तिक खात्याला मिळते की नोंदणीकृत व्यवसायालाच, हे अर्ज करण्याआधी गेटवेकडून लेखी विचारून घ्यावे.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर यूपीआयने पैसे घेऊन पाककृती पाठवण्याची पद्धत गोव्यात बरीच रूढ आहे, आणि तिच्यामुळे अनेक गृहिणींना पहिली कमाई झाली आहे, याबद्दल मला आदर आहे. तरीही तिला प्लॅटफॉर्म समजू नये. गटात १,०२४ सदस्यांची मर्यादा आहे, प्रत्येकाचा फोन क्रमांक इतर सर्वांना दिसतो, कोणाची मुदत संपली हे वहीत लिहून ठेवावे लागते, आणि मे महिन्यात पाठवलेली पाककृती सप्टेंबरात कोणालाही सापडत नाही. नव्या पत्राची बातमी देण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप उत्तम आहे, साठवणीसाठी नाही.

पाककृती हा वेगळ्या जातीचा मजकूर आहे

लेख एकदा वाचून संपतो, पण पाककृतीकडे वाचक पुन्हा पुन्हा येतो. चतुर्थीला पातोळ्या करताना तो गेल्या वर्षीचे पत्र शोधतो, हळदीच्या पानांचा वास हाताला लागलेला असताना पीठ किती घट्ट भिजवायचे ती एक ओळ त्याला हवी असते, आणि ती अर्ध्या मिनिटात सापडली नाही तर तो दुसरीकडे जातो. वर्गणीदार दुसऱ्या वर्षी पैसे भरतो तो बहुतेक वेळा नव्या पाककृतींसाठी नव्हे, तर जुन्या पाककृती हाताशी राहाव्यात म्हणून. त्यामुळे प्लॅटफॉर्मचा संग्रह आणि त्यातील शोध ही माझ्या मते निवडीतील सर्वांत वजनदार बाब आहे, आणि लेखक तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष देतात.

शोधाची परीक्षा मराठीत घ्यावी. एकच पदार्थ वाचक खतखते, खतखतं आणि खतखतें अशा तीन प्रकारे लिहितो, आणि चौथा वाचक रोमन लिपीत लिहितो. गोव्यातला तायकिळा पुण्याच्या वाचकाला टाकळा म्हणून ठाऊक असतो, तवसळी रत्नागिरीकडच्या वाचकाला धोंडस म्हणून. प्लॅटफॉर्मची शोधयंत्रणा हे सहसा आपोआप जाणत नाही, म्हणून प्रत्येक पाककृतीखाली पर्यायी नावांची एक ओळ किंवा टॅग द्यावे लागतात, आणि प्लॅटफॉर्मचा शोध त्या ओळीपर्यंत पोचतो का हे पाहावे लागते. काही ठिकाणी, उदाहरणार्थ घोस्टच्या अंगभूत शोधात, मुख्यतः शीर्षक आणि सारांश धुंडाळले जातात. मजकुरातील तिरफळ हा शब्द तेथे सापडणार नाही. असा प्लॅटफॉर्म घ्यायचाच असेल तर मुख्य जिन्नस सारांशात लिहिण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी.

जिन्नसांच्या यादीची मांडणीही पाहावी. खतखत्यासारख्या पदार्थात शिजवायच्या भाज्या वेगळ्या, डाळ वेगळी, ओल्या खोबऱ्याचे वाटण वेगळे आणि शेवटी घालायची तिरफळे वेगळी. हे चार गट एका सलग यादीत कोंबले तर नवखा माणूस तिरफळे वाटणातच घालतो. वर्डप्रेसवर पाककृतीसाठी खास कार्डे मिळतात, ज्यांत असे गट करता येतात, माणसांच्या संख्येनुसार प्रमाण बदलते, छापण्याचे बटण असते, आणि स्वयंपाक चालू असताना फोनचा पडदा मिटत नाही. याच कार्डांमुळे गूगलला हे पान पाककृतीचे आहे हे कळते आणि शोधाच्या निकालात चित्र व वेळ दिसू शकते. सबस्टॅकसारख्या पत्रप्रधान प्लॅटफॉर्मवर असे कार्ड नाही. तेथे साध्या मजकुरानेच काम भागवावे लागते. ज्याचे लेखन आठवणी, बाजार, ऋतू आणि माणसे यांच्याभोवती फिरते आणि पाककृती शेवटी येते, त्याला ही उणीव जाणवणार नाही. ज्याचा वाचक थेट मापासाठी येतो त्याला ती रोज जाणवेल.

देवनागरीत लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण येते, जिच्याबद्दल इंग्रजीत लिहिणारे सहसा बोलत नाहीत. सुमारे १०२ किलोबाइटपेक्षा मोठे पत्र जीमेल मध्येच तोडतो आणि उरलेला भाग वेगळ्या दुव्यामागे ठेवतो. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एकच. त्यामुळे तेवढ्याच लांबीचे मराठी पत्र या मर्यादेला पुष्कळ आधी टेकते, आणि तुटलेल्या भागात नेमकी कृतीची शेवटची पायरी आणि नोंदणी रद्द करण्याचा दुवा जातो. एका पत्रात एकच पाककृती ठेवावी, आणि निवडीच्या वेळी आपल्या सर्वांत लांब पाककृतीचे पत्र स्वतःच्या जीमेलवर पाठवून पाहावे. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवता येतो का तेही तपासावे, कारण देवनागरी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की अनेकदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते आणि वृद्ध वाचक त्याला घाबरून हात लावत नाहीत.

ऋतूंचाही विचार व्हावा. आपल्याकडचा खाद्यलेखक वर्षभर एकसारखे लिहू शकत नाही. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, लगबग, मग १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्यामुळे सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर ही कोशिंबीर आणि रानभाज्या, श्रावणात शाकाहार, आणि चतुर्थीच्या आधीच्या दोन आठवड्यांत वाचकांची एवढी गर्दी की उत्तरे देताना हात पुरत नाहीत. नवे वर्गणीदार त्याच काळात येतात आणि मासिक वर्गणी असेल तर सण संपताच काही जण थांबतातही. म्हणून प्लॅटफॉर्मवर आपल्या बाजूने वर्गणी महिनाभर स्थगित ठेवण्याची सोय असावी, जी सबस्टॅक आणि पेट्रिऑन दोन्हीकडे आहे. आजारपणात किंवा घरच्या कार्यात पत्र गेले नाही तर त्या महिन्याचे पैसे न घेणे हे वाचकाशी प्रामाणिक राहण्याचे साधन आहे.

हिशोब

आता टक्के. समजा वार्षिक वर्गणी ६०० रुपये आणि वर्गणीदार ३०० आहेत, म्हणजे वर्षाचे १,८०,००० रुपये. दहा टक्के घेणारा प्लॅटफॉर्म १८,००० रुपये घेईल, पैसे घेण्याचे शुल्क वेगळे. स्वतःच्या संकेतस्थळावर गेटवेचे दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरले तर प्रत्येक वर्गणीमागे १४ रुपये १६ पैसे, म्हणजे एकूण ४,२४८ रुपये जातात; पण होस्टिंग, डोमेन (संकेतस्थळाचे नाव) आणि ईमेल पाठवणारी सेवा यांचा खर्च आपल्याच माथी असतो. हा खर्च महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत गेला तर वर्षाचे तेच १८,००० होतात. म्हणजे पैसे घेण्याचे शुल्क दोन्हीकडे जवळजवळ सारखे धरले तर या उदाहरणात ३०० वर्गणीदारांच्या आसपास दोन्ही वाटा सारख्या पडतात. त्याखाली टक्के घेणारा प्लॅटफॉर्म स्वस्त, त्यावर स्वतःचे संकेतस्थळ. स्वतःचे आकडे घालून ही बेरीज प्रत्येकाने करावी, आणि संकेतस्थळ दुरुस्त करण्यात जाणाऱ्या आपल्या वेळेलाही किंमत द्यावी.

परदेशी वर्गणीत ठरावीक शुल्काकडे लक्ष असावे. स्ट्राइपचा अमेरिकेतील मूळ दर २.९ टक्के अधिक ३० सेंट असा आहे. पाच डॉलरच्या मासिक वर्गणीत त्यामुळे साडेचव्वेचाळीस सेंट जातात, त्यात प्लॅटफॉर्मचे १० टक्के मिळवले की जवळजवळ १९ टक्के रक्कम वाटेतच संपते. तोच वाचक वर्षाचे ५० डॉलर एकदम देतो तेव्हा हे प्रमाण साडेतेरा टक्क्यांवर येते. वार्षिक वर्गणीच्या बाजूने हे आणखी एक कारण.

कराबाबत थोडक्यात : वर्गणी हे उत्पन्न आहे आणि ते विवरणपत्रात दाखवावेच लागते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा गोव्यात आर्थिक वर्षाला २० लाख रुपये एकूण उलाढालीची आहे, पण त्यात केवळ वर्गणी नव्हे तर कार्यशाळा, जाहिराती आणि इतर व्यवसायही मोजले जातात. परदेशातून येणाऱ्या रकमांचे बँकेकडील दाखले जपून ठेवावेत आणि सनदी लेखापालाला पहिल्याच वर्षी भेटावे.

सोडून जाता येते का?

प्लॅटफॉर्म निवडताना तो सोडण्याचा विचार करणे काहींना अपशकुनी वाटते, पण दर बदलतात, कंपन्या विकल्या जातात आणि नियमही बदलतात. सबस्टॅक आणि घोस्ट येथून वाचकांचे ईमेल पत्ते एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात, आणि स्ट्राइपचे खाते लेखकाच्या नावावर असल्यामुळे चालू वर्गणीसुद्धा एकीकडून दुसरीकडे नेता येते. पेट्रिऑनवरून पत्ते मिळतात, पण पैसे भरण्याची नोंद पेट्रिऑनजवळ राहते, म्हणून प्रत्येक वाचकाला नव्याने नोंदणी करावी लागते. यूपीआय ऑटोपेची मँडेटे ज्या गेटवेवर नोंदवली त्याच्याशी बांधलेली असतात. गेटवे बदलला तर ती सोबत येतीलच असे नाही, आणि मग वाचकाला ती नव्याने नोंदवावी लागतात. या बदलात काही वाचक गळतात, आणि माझा अनुभव असा की जे गळतात ते नाराज नसतात, त्यांना फक्त पुन्हा एकदा पिन टाकण्याची आठवण राहत नाही. म्हणून यादी हाती असणे महत्त्वाचे : तिच्यामुळे आठवण करून देता येते. हे पत्ते विश्वासाने दिलेले असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा आशयही हाच की, ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी ते वापरावेत.

स्वतःचे डोमेन सुरुवातीलाच घ्यावे. सबस्टॅकवरही एकवेळचे ५० डॉलर भरून ते जोडता येते. पुढे प्लॅटफॉर्म बदलला तरी वाचकाने जपून ठेवलेला पत्ता तोच राहतो. त्याच डोमेनवरून पत्रे पाठवताना ईमेलच्या प्रमाणीकरणाच्या नोंदी (पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून आले हे दाखवणाऱ्या) नीट केलेल्या आहेत का हे विचारावे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांकडून त्यांचा आग्रह धरतो, आणि त्या नसतील तर पाककृती स्पॅममध्ये पडून राहते.

पाककृती चोरीला जातील या भीतीने काही जण कडक कुलुपे असलेला प्लॅटफॉर्म शोधतात. जिन्नसांची निव्वळ यादी आणि पदार्थ करण्याची कल्पना यांवर कॉपीराइट मिळत नाही. तो आपल्या शब्दांवर, छायाचित्रांवर आणि मांडणीवर असतो. स्क्रीनशॉट कोणताही प्लॅटफॉर्म थांबवू शकत नाही. जे उचलून नेता येत नाही ते वेगळेच आहे : यंदा सोले (आमसुले) जास्त आंबट निघाली तर किती घालायची, या प्रश्नाला त्याच संध्याकाळी मिळणारे उत्तर. म्हणून वर्गणीदारांच्या टिप्पण्या इतरांपासून वेगळ्या ठेवता येतात का, आणि त्यांची सूचना आपल्याला वेळेवर मिळते का, हे कुलुपापेक्षा अधिक बारकाईने पाहावे.

शेवटचा निर्णय कागदावर घेऊ नये. दोन पर्याय उरले की दोन्हींवर मोफत खाते उघडावे आणि आपल्या तीन पाककृती तेथे चढवाव्यात : एक लांब, एक छोटी, आणि एक भरपूर छायाचित्रांची. मग घरातील अशा व्यक्तीला, जिला या कामाची काहीच माहिती नाही, तिच्याच फोनवरून वर्गणी भरायला सांगावे आणि आपण शेजारी बसून काहीही न बोलता पाहावे. माझी काकी पैसे भरण्याच्या पानावर इंग्रजी शब्द वाचून थांबली, तेव्हा त्या एका पानावर मराठी सूचना लिहिता येणारा पर्याय मी घेतला. पैसे भरून झाल्यावर ती पाककृती स्वयंपाकघरात, नेटवर्क मंद असताना, उघडून पाहावी. पावती आली का ते पाहावे. नंतर तीच वर्गणी रद्द करून पाहावी, परतावा किती दिवसांत येतो ते मोजावे, आणि यादी फाइलमध्ये उतरवून मराठी नावे तिच्यात शाबूत दिसतात का ते तपासावे. कधीकधी फाइल उघडताच सगळी नावे अनाकलनीय चिन्हांत बदललेली असतात आणि ती देवनागरीसाठी योग्य एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत, सहसा यूटीएफ-८) निवडून पुन्हा उघडावी लागते. ही सगळी चाचणी चतुर्थीच्या किमान दोन महिने आधी पुरी करावी, म्हणजे जूनच्या अखेरीपर्यंत किंवा जुलैच्या सुरुवातीला, कारण ऑगस्ट उजाडला की वाचक पातोळ्यांचे प्रमाण विचारू लागतात आणि मग प्लॅटफॉर्म बदलायला सवड मिळत नाही.